एक प्रत कपाटात, एक फिनलंडला

जागच्या जागी सापडलेल्या वस्तूचा किस्सा कोणी कधी सांगितलाय? चष्मा टेबलावर ठेवला आणि टेबलावरच सापडला, यावर कोण हसणार? किस्से साठतात ते हरवलेल्या वस्तूंचे. आमच्या ऑफिसात हरवायची वस्तू एकच होती, त्यामुळे तिचे किस्से इतके साठले की आजही आमच्यातले दोघं एखाद्या लग्नात समोरासमोर आले की नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारतात, "काय, सोर्स कुठे आहे?"

शेजारच्या खुर्चीवरची मंडळी आमच्याकडे बघत राहतात.

सोर्स म्हणजे काय, ते माझ्या आईला मी असं सांगितलेलं: चालणारा प्रोग्रॅम म्हणजे शिवून झालेला ब्लाउज. तो घालता येतो, धुता येतो. पण माप बदलायचं तर शिंप्याकडचं पेपर कटिंग लागतं. ते कटिंग म्हणजे सोर्स. ते हरवलं की ब्लाउज आहे तसाच घालायचा, दंडात रुतला तरी!

बहुतेक वेळा हा प्रश्न हसण्यावारी जायचा. एकदा मात्र गेला नाही. नव्याण्णव साली कल्याणच्या एका रक्तपेढीसाठी आम्हाला जुना सोर्स हवा होता आणि तो मिळाल्याशिवाय भागणार नव्हतं. पण तिथवर यायचं तर आधीचे थोडे किस्से ऐकून घ्यावे लागतील.

*

आमचं ऑफिस डोंबिवलीत, पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर. माणसं तीन. मालक आपटे सर, चांगली नोकरी सोडून पन्नाशीत कॉम्प्युटरच्या नादी लागलेले. दत्ता तांडेल, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आणि मी, प्रज्ञा. मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेला. त्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष कॉम्प्युटर चार वेळा पाहिलेला!

खाली गिरणी सुरू झाली की वर फरशी थरथरायची. त्या वेळी सगळं काम फ्लॉपीवर, आणि थरथरीत फ्लॉपी धड वाचली जायची नाही. सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करायला वीसेक मिनिटं लागायची. ती वीस मिनिटं गिरणी बंद असतानाच मिळायची. त्यामुळे सर सारखे खिडकीतून वाकून गिरणीवाल्या शिवरामकाकांना विचारायचे, "काका, किती डबे राहिले?"

एकदा ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यातून मॅनेजरांचा फोन आला. "आपटे, आमचा हजेरीचा प्रोग्रॅम कधी देताय? डायरेक्टर विचारतायत."

सरांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "अजून चार डबे आहेत."

मॅनेजर बिचारे भले. त्यांनी ते तसंच वर कळवलं. पुढच्या मीटिंगला आम्ही गेलो तर डायरेक्टरसाहेबांनी चष्मा वर करून पहिलाच प्रश्न टाकला, "मिस्टर आपटे, एक डबा म्हणजे किती किलोबाइट?"

*

सरांचा कागदावर फार विश्वास. हार्ड डिस्क आली तरी दर शनिवारी सगळा सोर्स प्रिंटरवर छापायचा आणि ती लांबलचक घडी सर ठाण्याला घरी घेऊन जायचे. "वीज गेली तरी कागद वाचता येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका सोमवारी हार्ड डिस्क कुरकुरली आणि कायमची गप्प झाली. फ्लॉपीवर होता तो सोर्स तीन महिने जुना. रंगाच्या कारखान्याचा हजेरीचा अख्खा प्रोग्रॅम गेला. सर शांत. "कागद आहे," म्हणाले. घरी फोन लावला.

काकू शाळेत शिकवायच्या, चौथीच्या वर्गाला. त्या म्हणाल्या, "ती जाड घडी ना? पाठकोरी होती. मी मुलींना कच्च्या कामाला वाटली. एकेकीला एकेक पान."

सरांनी फोन ठेवला नाही, तो त्यांच्या हातातून खाली आला.

पण काकूही बाई म्हणून जबरदस्त. दुसऱ्या दिवशी वर्गात उभ्या राहून त्यांनी हुकूम सोडला की पाठकोरं पान जिच्याकडे असेल तिने ते उद्या आणायचं. बेचाळीस पानांपैकी एकेचाळीस पानं परत आली! पुढच्या बाजूला आमचा सोर्स, मागे लसावि-मसावि. एका पानावर चहाचा डाग, एकावर राणीचं चित्र. आम्ही चार दिवस बसून सगळं पुन्हा टाइप केलं.

राहिलं पान तेविसावं. त्या मुलीला गोवर झालेला, ती शाळेतच येत नव्हती. मी म्हटलं, "आता?"

तांडेल म्हणाला, "लिहितो." आणि ते पान त्याने आठवून लिहून काढलं. छप्पन्न ओळी. मध्ये एकदा उठून पाणी प्यायला, बस.

पंधरा दिवसांनी मुलगी बरी झाली, पान आलं. मी दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. एका ठिकाणी फरक निघाला. मला मनातून जरा बरं वाटलं, म्हटलं, चला, माणूस आहे! सरांनी ते पान हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "छापलेलं चूक आहे. याने आठवलेलं बरोबर आहे."

*

मी तांडेलला विचारलं, हे तू लक्षात कसं ठेवतोस? तो म्हणाला, "रविवारी घरी ये. बाबांबरोबर होडीतून जाऊ. तिकडे कळेल."

मी गेलेले. भरतीची वेळ, खाडी काठोकाठ. मातकट पाणी आणि त्यावर ऊन, बाकी काही नाही. तांडेलच्या बाबांनी आदल्या हंगामात पाण्यात खुंट ठोकलेले, जाळं बांधायला. आता ते सगळे पाण्याखाली. पाटी नाही, झेंडा नाही, काही नाही.

बाबा वल्हवत होते. त्यांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा मागे पाहिलं आणि होडी थांबवली. लांब बांबू पाण्यात सोडला. ठक्क! खाली खुंट.

एवढ्या पाण्यात! मी विचारलं, "बाबा, कसं कळलं?"

त्यांनी हात करून दाखवलं. मागे देवळाचा कळस आणि त्याच्यामागची चिमणी एका रेषेत आली होती. उजवीकडे पुलाचा खांब आणि एक ताड एका रेषेत. "येक निशानी धरून जागा नाय गावत," ते म्हणाले. "दोन धराव्या लागतान."

तांडेल हसला. "कळलं? मी एकेक वस्तू कधीच लक्षात ठेवत नाही. दोन ठेवतो."

सोमवारपासून त्याने ऑफिसात नियम केला. कुठल्याही सोर्सच्या प्रती दोन असणार, आणि प्रत्येक प्रतीच्या पहिल्या ओळीत दुसरी कुठे आहे ते लिहिलेलं असणार. सरांना हे इतकं पटलं की त्यांनी घरच्या कपाटाच्या किल्लीलाही चिठ्ठी बांधली: दुसरी किल्ली साखरेच्या डब्यामागे. काकूंनी ती चिठ्ठी वाचली आणि दोन्ही किल्ल्या स्वतःकडे घेतल्या.

*

त्र्याण्णव साली कल्याणच्या रक्तपेढीचं काम आलं. कुठली बाटली कोणत्या गटाची, कधी घेतलेली, मुदत कधी संपते, हे सगळं कॉम्प्युटरने सांगायचं. एव्हाना पिशव्या आलेल्या, पण तिथे सगळे बाटलीच म्हणायचे. प्रोग्रॅम तांडेलने लिहिला आणि मी त्याच्या हाताखाली होते.

तिथल्या प्रमुख सावंत सिस्टर. उंचीने लहान, पण आवाज फाटकापर्यंत पोचणारा. कॉम्प्युटर बसवला त्या दिवशी त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तांडेल म्हणाला, "सिस्टर, कुठल्याही बाटलीचा नंबर सांगा, मुदत कधी संपते ते हा सांगेल."

सिस्टरनी नंबर सांगितला. तांडेलने टाइप केला. कॉम्प्युटर घरघरायला लागला. तो घरघरत असतानाच सिस्टर म्हणाल्या, "सतरा तारीख. दुसरा कप्पा, डावीकडून तिसरी."

थोड्या वेळाने पडद्यावर आलं: सतरा. कप्पा दुसरा.

असं तीन बाटल्यांचं झालं. तिन्ही वेळा सिस्टर आधी, कॉम्प्युटर मागून. फ्रिजात त्या दिवशी साठाच्या वर बाटल्या होत्या! आम्ही दोघं तोंडात बोट घालून उभे. शेवटी सिस्टरनी तांडेलच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "हुशार आहे हो तुमचा. सगळी बरोबर आली त्याची."

*

मग इंटरनेट आलं. आमच्या डोंबिवलीच्या लाइनवर ते टिकायचं नाही, म्हणून सरांच्या ठाण्याच्या घरी, माजिवड्याला, फोनला मोडेम जोडला. चित्रं वगैरे काही नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मोडेम किंचाळायला लागला की काकू आतून विचारायच्या, "दूध उतू गेलं का?"

तांडेल म्हणाला, "सर, रक्तपेढीच्या सोर्सची दुसरी प्रत लांब ठेवू. फिनलंडला एका विद्यापीठाचा कॉम्प्युटर आहे, तिथे कोणालाही फाईल ठेवता येते."

पाऊण तास आम्ही तिघं त्या पडद्यासमोर. दोनदा लाइन तुटली. मग तांडेलने तिकडची यादी मागवली आणि एकेक ओळ खाली उतरत आली. जगभरच्या लोकांच्या फायली, आणि त्यांच्यामध्ये आमची. नाव रोमन अक्षरांत 'रक्तपेढी'. तेव्हाच्या कॉम्प्युटरवर डॉस असायचं, त्याला फायलीच्या नावात आठच अक्षरं चालत, त्यामुळे शेवटचा आय कापलेला.

सर खुर्चीतून उठले. त्यांना बसून बघवेना. "हे तिथून दिसतंय? आत्ता? तिथे आहे म्हणून?"

"तिथे आहे म्हणून," तांडेल म्हणाला.

मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं, खोटं कशाला सांगू. मी तोवर पुण्याच्या पलीकडे गेलेली नव्हते.

सरांना शंका आली. "म्हणजे कोणीही ते घेऊ शकतो?"

"हो."

"बदलू शकतो?"

"बदलून वेगळं ठेवू शकतो. आपलं आहे तसं राहतं."

सर येरझाऱ्या घालायला लागले. मी म्हटलं, आता काढून टाकायला सांगणार. ते थांबले आणि म्हणाले, "रक्ताचा प्रोग्रॅम आहे ना? मग घेऊ देत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या रजिस्टरात स्वतःच्या वळणदार अक्षरात नोंद केली: एक प्रत कपाटात, एक फिनलंडला. पुढे एक नवीन गिऱ्हाईक आलं, त्यांनी विचारलं, तुमच्याकडे प्रती सुरक्षित असतात ना? सरांनी रजिस्टर उघडून दाखवलं. गृहस्थांनी ते दोनदा वाचलं आणि अदबीने म्हणाले, "वा! मुलगा असतो वाटतं तिकडे?"

*

सत्त्याण्णव साली तांडेल कॅनडाला गेला. पहिल्या वर्षी पत्रं आली, मग त्याने कंपनी बदलली, गाव बदललं. माझी ईमेल परत यायला लागली. त्याच्या बाबांना विचारायला गेले तर ते म्हणाले, "त्याचा फोन येतं तवा येतं. आमी कय करनार?"

आणि नव्याण्णवच्या नोव्हेंबरात सावंत सिस्टरांचा फोन आला. "अगं प्रज्ञा, तुमच्या कॉम्प्युटरला वेड लागलंय. काल घेतलेलं रक्त टाकून द्या म्हणतो!"

मी कल्याणला धावले. बघितलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घेतलेलं रक्त पस्तीस दिवस चालायचं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेल्या बाटलीची मुदत जानेवारीत संपणार, म्हणजे दोन हजार साली. आम्ही सालाचे दोनच आकडे ठेवलेले. दोन हजारचे झाले शून्य शून्य. कॉम्प्युटरच्या मते ते रक्त नव्याण्णव वर्षांपूर्वीच खराब झालेलं! सगळं जग जानेवारीची वाट बघत होतं, आमच्याकडे तो महिनाभर आधीच उजाडला.

"चार ओळी बदलायच्या," मी म्हटलं. "फक्त सोर्स हवा."

सिस्टर म्हणाल्या, "तोवर मी हाताने लिहिते. मला कॉम्प्युटर नको गं, मी सगळं सांगू शकते. पण एकतीस डिसेंबरला मी रिटायर होतेय. माझ्यानंतर या तीन मुली राहतील, दोघींना लागून सहा महिने नाही झाले. एक बाटली चुकली तर कोणाच्या तरी पोराच्या अंगात जाणार. मी जायच्या आत हे नीट करून दे."

त्या कधी विनवणीच्या सुरात बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

मी ऑफिसात येऊन कपाट उघडलं. फ्लॉपी जागेवर होती. पावसाळ्याने तिच्यावर बुरशीची पांढरी नक्षी काढलेली. ड्राइव्हमध्ये घातली, ड्राइव्हने कण्हत कण्हत एक ओळ वाचली आणि सोडून दिलं. ती एक ओळ होती: दुसरी जागा. आणि पुढे फिनलंडचा पत्ता.

मी तांडेलला तिथल्या तिथे हात जोडले.

*

पण फिनलंड उत्तरच देईना! सरांच्या घरून मी दिवसभर प्रयत्न केले. पत्ता बरोबर, अक्षर न् अक्षर बरोबर, पण पलीकडे कोणी नाही.

सर म्हणाले, "मी बोलतो." आणि त्यांनी खरोखरच आंतरराष्ट्रीय फोन लावून त्या विद्यापीठाचं ऑफिस गाठलं. शर्टाचं वरचं बटण लावून बोलत होते. इंग्रजी असं, की साक्षात न्यायाधीशांसमोर उभे आहेत. पाच मिनिटांनी त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"तिथल्या मॅडम फार सभ्य आहेत," सर म्हणाले. "तो कॉम्प्युटर दीड वर्षापूर्वी बंद केला. आपल्याला कळवता आलं नाही म्हणून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली."

काकूंनी पाणी आणून दिलं. डिसेंबरचा पहिला आठवडा संपत आलेला. पुन्हा लिहायचा तर मला एकटीला चार महिने हवे होते, आणि मी काही तांडेल नव्हे.

"पण त्या आणखी एक म्हणाल्या," सर खिशातून चिठ्ठी काढत म्हणाले. "म्हणाल्या, तो कॉम्प्युटर गेला म्हणजे फायली गेल्या असं नाही. तिथल्या फायली दुसऱ्या देशांतले कॉम्प्युटर स्वतःकडे उतरवून ठेवायचे. फाईलचं नाव दिलं की ती कुठे कुठे आहे हे सांगणारी एक जागा आहे. हा तिचा पत्ता."

मी पत्ता टाकला. रिकाम्या चौकटीत आमचं शेपूट कापलेलं नाव टाइप केलं. मोडेमचा लाल दिवा लुकलुकत राहिला. मी मनात म्हटलं, एक मिळू दे. कुठेही, एकच.

यादी आली. अकरा जागा!

जर्मनी, तैवान, पोर्तुगाल, ऑस्ट्रेलिया, आणि अशी काही नावं की देश कुठला ते ओळखूही येईना. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी आम्हाला विचारलं नव्हतं. सर एकेका ओळीवर बोट ठेवून देशांची नावं मोठ्याने वाचत होते. काकू दारात उभ्या, हात पिठाचे. मी थक्क झाले म्हणणं फार थोडं होईल. गिरणीच्या वर बसून केलेलं आमचं काम जगाने अकरा ठिकाणी सांभाळून ठेवलेलं होतं, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

*

अकरापैकी दहा प्रती अगदी सारख्या. अकरावी वेगळी निघाली. आमच्यापेक्षा थोडी मोठी आणि तारीख त्याच वर्षीच्या ऑगस्टची.

म्हटलं, हे काय? उतरवून घेतली. उघडली. आत आमचा सोर्स जसाच्या तसा. तांडेलच्या सवयीप्रमाणे मध्ये मध्ये रोमन अक्षरांतल्या मराठी टिपणांसकट. फक्त जिथे तारखांचा हिशोब होता, तिथे चार ओळी बदललेल्या. त्याच चार ओळी. सालाचे आकडे दोनाऐवजी चार. मी वाचलं, पुन्हा वाचलं. मला करायला काहीच शिल्लक नव्हतं!

आणि सोबत एक पत्र होतं. इंग्रजीत, फिलिपाईन्समधल्या एका बेटावरच्या लहानशा हॉस्पिटलातून, तिथल्या टेक्निशियनने लिहिलेलं.

मी ते छापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम घेऊन कल्याणला गेले. आधी प्रोग्रॅम चढवला. सिस्टरनी आदल्या दिवशीच्या बाटलीचा नंबर सांगितला, पडद्यावर जानेवारीची तारीख आली. तिन्ही मुलींनी एकेक नंबर घालून पाहिला. सगळ्या तारखा बरोबर. मग सिस्टर खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना ड्युटीवर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"हे दुरुस्त कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी कागद काढला, फिलिपाईन्समधल्या एका हॉस्पिटलातून आलंय म्हणून सांगितलं.

"मराठीत सांग. आणि मोठ्याने वाच, या पोरींनाही ऐकू दे."

मी वाचत गेले. "हा प्रोग्रॅम कोणी लिहिला आम्हाला माहीत नाही. आमच्याकडे तो दोन वर्षं चालू आहे. येणाऱ्या सालासाठी चार ओळी बदलल्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी घ्याव्यात. मधली टिपणं कोणत्या भाषेत आहेत ते कळलं नाही, म्हणून त्यातल्या एकाही अक्षराला हात लावलेला नाही."

पुढचं वाचायच्या आधी मी जरा थांबले. त्याचं असं होतं की प्रोग्रॅम पहिल्यांदा बसवला तेव्हा मुदत संपलेल्या बाटलीला तांडेलने पडद्यावर इंग्रजीत 'एक्स्पायर्ड' असं टाकलेलं. सिस्टरनी ते हाणून पाडलं. म्हणाल्या, "इंग्रजी सूचना कोणी वाचत नाही रे. मी मुलींना जशी ओरडते तसं लिही." म्हणून तांडेलने, त्यांच्याच शब्दांत, रोमन मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बाई, ही बाटली नको.

मी पुढे वाचलं. "एक प्रश्न आहे. मुदत संपलेल्या बाटलीसाठी पडद्यावर एक वाक्य येतं: बाई ही बाटली नको. आम्ही ते काढून तिथे इंग्रजी शब्द घातला होता. दोन दिवसांत नर्सेसनी तक्रार केली आणि आम्हाला ते परत घालावं लागलं. आता त्या ते तोंडानेही म्हणतात. कोणी चुकीची बाटली उचलली की दुसरी म्हणते, बाई ही बाटली नको. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला हे शिकवतात. याचा अर्थ कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे."

तिघी मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तोंडावर हात घेतला. सिस्टरनी कागद माझ्या हातातून घेतला, त्यांना फारसं येत नसलेल्या इंग्रजीतून बोट फिरवत फिरवत ते एक वाक्य शोधून काढलं आणि त्यावर बोट तसंच ठेवलं.

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते.

"त्यांच्याकडे किती वाजले असतील गं आत्ता?"

मी मनात मोजलं. "दोन."

"म्हणजे दुपारची ड्युटी आली," सिस्टर म्हणाल्या, आणि उठून त्यांनी टोपीची पिन नीट केली.